सुजेपेक्षा दुखणं मोठं असतं तेव्हा

चार वर्षांच्या मुलाला विचारलं, कुठे दुखतं, तर ते 'पाय' म्हणतं. बोट ठेवून दाखव म्हटलं की गुडघ्यावर ठेवतं, आणि तपासल्यावर दुखणं खुब्यात निघतं. त्याहून लहान मूल एवढंही सांगत नाही. त्याचं फक्त वागणं बदलतं. कडेवरून खाली उतरायला तयार होत नाही, जिना बसून उतरतं, कपडे बदलताना पाय उचलला की किंचाळतं. कालपर्यंत पळणारं मूल आज भिंत धरून चालतं. सांध्यांची तक्रार बहुतेक वेळा अशीच सुरू होते, आणि बहुतेक वेळा तिचा शेवटही साधाच असतो. पडून लागलेलं असतं, किंवा सर्दी-तापानंतर खुब्यात तात्पुरती सूज येते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते.

काही मुलांचं दुखणं मात्र ओसरत नाही. पंधरा दिवस होतात, महिना होतो. एखादा सांधा सुजतो, अंगात बारीक ताप राहतो, रक्त तपासलं तर ईएसआर, म्हणजे शरीरातल्या दाहाचा अंदाज देणारा आकडा, वाढलेला. मग 'संधिवात असावा' हे वाक्य कोणीतरी उच्चारतं. ते बरोबरही असू शकतं, कारण मुलांनाही संधिवात होतो आणि तो काही फार दुर्मीळ नाही. पण हुबेहूब असंच चित्र घेऊन येणारा दुसरा एक आजार आहे, ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. त्याची आठवण अनेकदा उशिरा होते. आणि उशीर झाला की नुसते दिवस वाया जातात असं नाही. मधल्या काळात दिलेलं औषध पुढची वाट अवघड करून ठेवतं.

बालसंधिवाताला कागदोपत्री जेआयए म्हणतात. त्याची व्याख्या तीन अटींची आहे: सुरुवात वयाच्या १६व्या वाढदिवसाआधी, सांध्याची सूज किमान ६ आठवडे टिकलेली, आणि त्या सुजेला दुसरं कोणतंही कारण सापडलेलं नाही. पहिल्या दोन अटी तारखा पाहून तपासता येतात. तिसरीला कष्ट पडतात, म्हणून ती न तपासताच पुढे जाण्याचा मोह होतो. जेआयए आहे असं छातीठोक सांगणारी एकही रक्ततपासणी नाही. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर ही संधिवाताची म्हणून ओळखली जाणारी तपासणी थोड्याच मुलांत पॉझिटिव्ह येते. एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं, तर निरोगी मुलांतही पॉझिटिव्ह सापडतो आणि ल्युकेमियाच्या मुलांतही. एएनए पॉझिटिव्ह आला की 'संधिवातच' म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकला जातो, त्याला काहीच आधार नाही. ज्या मुलाचा संधिवात आधीच ठरलेला आहे, त्याच्या डोळ्यांना आतून सूज येण्याचा धोका किती, हे ठरवायला एएनएचा उपयोग होतो. मुळात संधिवात आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

ल्युकेमियात हाडं का दुखतात हे नीट समजलं तर निम्म्या खुणा पाठ कराव्या लागत नाहीत. रक्त तयार करणारी तांबडी मज्जा मोठ्या माणसात मुख्यतः मणके, छाती, कंबरेची हाडं अशी धडाकडे असते. लहान मुलात ती हातापायांच्या लांब हाडांतही पसरलेली असते. तिथे कर्करोगाच्या पेशी दाटीवाटीनं वाढू लागतात. हाड तर फुगू शकत नाही, त्यामुळे आतला दाब चढत जातो. पेशी हाडाच्या कवचातून झिरपून बाहेरच्या आवरणाखाली जातात आणि ते आवरण उचललं जातं. ते मज्जातंतूंनी भरलेलं असतं, म्हणून ठणका असह्य होतो. हे सगळं सर्वांत जास्त घडतं हाडाच्या टोकाजवळ, जिथे वाढ जोरात चालू असते. आणि हाडाचं टोक म्हणजे सांध्याचा शेजार. गुडघ्याच्या चार बोटं वर किंवा खाली दुखत असलं तरी मुलाच्या आणि आईच्या लेखी 'गुडघाच दुखतोय' असतं. कधी कधी पेशी सांध्याच्या अस्तरातही शिरतात, आणि मग सांधा खरोखर सुजतो, गरम लागतो, त्यात पाणी होतं. म्हणून 'सांधा सुजलाय, म्हणजे संधिवातच' हे गणित चुकतं. निदानाच्या वेळी साधारण तीनातल्या एका ल्युकेमियाच्या मुलाला हाडांचा किंवा सांध्यांचा त्रास असतो, इतकी ही गोष्ट नेहमीची आहे.

या दोघांना वेगळं काढायला एकच एक खूण पुरत नाही. पाहायचं असतं ते गोष्टींचा एकमेकींशी मेळ बसतो का. दुखणं आणि सूज, ईएसआर आणि प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी), ताप आणि तापामधल्या वेळेतला चेहरा. संधिवातात या जोड्या बऱ्यापैकी एका सुरात असतात. ल्युकेमियात कुठेतरी सूर फाटतो.

सर्वांत आधी दुखणं आणि सूज. संधिवाताचं मूल कित्येकदा सुजलेल्या गुडघ्यानं अंगणभर हिंडत असतं. सूज डोळ्यांना दिसते, पाय थोडा वाकडा पडतो, पण रडारड बेताचीच. काही मुलांत तर दुखण्याची तक्रार नसतेच. आंघोळ घालताना एक गुडघा दुसऱ्यापेक्षा जाड वाटला म्हणून आईच्या लक्षात येतं. ल्युकेमियात उलट. सूज जेमतेम, कधी नाहीच, आणि मूल मात्र पाय टेकवायला तयार नाही. दुखणं सुजेच्या मानानं फारच मोठं असणं, ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत मोलाची खूण वाटते, कारण ती ओळखायला यंत्र लागत नाही.

ती हातानं अशी पडताळतात. मूल आईच्या मांडीवर बसलेलं असावं, हात कोमट असावेत, आणि सुरुवात न दुखणाऱ्या पायापासून करावी. आधी सांधा सावकाश वाकवून सरळ करायचा. संधिवातात शेवटच्या टप्प्यात, पूर्ण वाकवताना किंवा पूर्ण सरळ करताना, सांधा अडतो आणि मूल तोंड वाकडं करतं. मग सांधा सोडून द्यायचा आणि फक्त हाड दाबायचं. नडगीच्या पुढच्या सपाट बाजूवर अंगठा ठेवून वरून खाली यायचं, मग मांडीच्या हाडाचं खालचं टोक गुडघ्याच्या वर चिमटीत धरून हलकंसं दाबायचं, मनगटाच्या वरचं हाड, शेवटी छातीचं मधलं हाड. हे करताना नजर बोटांवर नको, मुलाच्या चेहऱ्यावर हवी. सांधा हलवू देणारं मूल नडगीवर अंगठा टेकताच हात झटकत असेल, तर दुखणं हाडात आहे. संधिवात हाडाच्या मधोमध दुखत नाही. तो सांध्याच्या रेषेवर दुखतो.

त्याच तपासणीत आणखी दोन मिनिटं द्यावीत. खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा, तळहात पाहावे. मान, काख, जांघ इथल्या गाठी चाचपाव्या. गळपट्टीच्या हाडाच्या वर गाठ लागली तर ती सहज सोडून देऊ नये. यकृत आणि प्लीहा बरगडीखाली किती उतरलेत ते पाहावं. मुलगा असेल तर वृषणं तपासावीत; हे लाजेखातर राहून जातं. अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लालसर-जांभळे ठिपके आहेत का, आणि दाबल्यावर ते विरतात का, हेही पाहावं. न विरणारे ठिपके म्हणजे कातडीखालचं रक्त. नडग्यांवर खेळताना निळे डाग पडणारच, पण पाठीवर, पोटावर, दंडाच्या आतल्या बाजूला आपटायचं कारण नसतं. मात्र गाठी आणि प्लीहा वाढलेली सापडली म्हणून लगेच निकालही लावता येत नाही. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या इंग्रज डॉक्टरांनी १८९७ मध्ये मुलांच्या संधिवाताचं जे वर्णन प्रसिद्ध केलं, त्यात गाठी आणि प्लीहा वाढल्याची नोंद आहेच. पूर्ण अंगात भिनणाऱ्या संधिवातात, ज्याला सिस्टेमिक जेआयए म्हणतात, आजही तेच दिसतं.

आता घड्याळ. संधिवात सकाळचा आजार आहे. मूल झोपेतून उठतं ते लाकडासारखं ताठरून, बाथरूमपर्यंत लंगडत जातं, गरम पाण्यानं आंघोळ झाली, थोडं चाललं की मोकळं होतं. दुपारच्या झोपेनंतर किंवा गाडीत तासभर बसल्यावर पुन्हा तसंच. ल्युकेमियाचं दुखणं रात्रीचं असतं. मूल गाढ झोपेतून रडत उठतं, आणि दिवसाही त्याला पूर्ण आराम नसतो. इथे एक घोटाळा होतो: वाढत्या वयातलं दुखणंही रात्रीच येतं. पण त्याची तऱ्हा निराळी आहे. ते दोन्ही पायांत, पोटऱ्या आणि मांड्यांच्या मांसल भागात असतं, चोळून दिलं की बरं वाटतं, मूल परत झोपतं आणि सकाळी जणू काही झालंच नाही अशा थाटात उड्या मारतं. दुखणं एकाच पायात असेल, चोळायला गेलं की मूल हात लावू देत नसेल, सकाळी लंगडत असेल, किंवा लहान मुलाची पाठ दुखत असेल, तर 'वाढीचं दुखणं' हा शब्द वापरू नये. आईवडिलांना प्रश्न विचारतानाही नेमकं विचारायला हवं. 'रात्री दुखतं का?' याला बहुतेक जण 'हो' म्हणतात, कारण झोपताना मुलं कुरकुरतातच. 'दुखण्यानं झोपेतून उठतं का? आठवड्यातून किती रात्री? चोळलं तर चालतं का?' या तीन प्रश्नांतून खरी माहिती येते.

दुखणं एका जागी राहतं का, हेही विचारावं. संधिवातानं धरलेला सांधा आठवडेच्या आठवडे धरलेलाच राहतो. ल्युकेमियाचं दुखणं पुष्कळदा फिरतं: चार दिवस गुडघा, मग खांदा, मधे दोन दिवस काहीच नाही, मग पाठ. मधले बरे दिवस घरच्यांना आणि डॉक्टरांनाही गाफील ठेवतात. फिरत्या दुखण्याला संधिज्वराचं, म्हणजे घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक फीवरचं, लेबलही चटकन लागतं, विशेषतः एएसओ वाढलेला आला तर. एएसओ एवढंच सांगतो की मुलाचा त्या जंतूशी मधल्या काळात संबंध आला होता. तसा तो शाळेत जाणाऱ्या कितीतरी मुलांचा येतो.

तापाचंही तसंच. सिस्टेमिक संधिवातातला ताप शिस्तीचा असतो. रोज एकदा, बहुधा संध्याकाळी, ३९ अंश सेल्सिअसच्या वर चढतो आणि आपला आपण पूर्ण उतरतो. चढत्या तापाबरोबर अंगावर फिकट गुलाबी पुरळ उमटतं आणि तापाबरोबर विरतं. सावळ्या कातडीवर ते दिसायला कठीण, म्हणून ताप चढलेला असतानाच चांगल्या उजेडात पाहावं लागतं. ताप उतरला की मूल खेळतं, खायला मागतं. ल्युकेमियातल्या तापाला वेळापत्रक नसतं आणि ताप नसतानाही मूल मलूलच राहतं. दोन आठवडे दिवसातून चार वेळा ताप मोजून वहीत लिहिला, तर ती वही महागड्या तपासण्यांइतकी बोलते.

आता रक्ताचा कागद. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, अहवालात कमी-जास्त आकड्यांपुढे खूण केलेली असते आणि नजर फक्त खुणांवर जाते. या प्रश्नात तीच चूक महागात पडते. समजा, ईएसआर ८० आहे, हिमोग्लोबिन ९.८, पांढऱ्या पेशी ४,२००, प्लेटलेट १ लाख ८० हजार. खूण फक्त हिमोग्लोबिन आणि ईएसआरपुढे आहे. प्लेटलेट दीड लाख ते साडेचार लाखांच्या मर्यादेत, म्हणून 'नॉर्मल'. पण शरीरात एवढा दाह धुमसत असेल तर मज्जा प्लेटलेट भराभर बनवते. संधिवाताच्या मुलात ईएसआर ८० असताना प्लेटलेट पाच-सहा लाखांवर जातात, पांढऱ्या पेशीही वाढतात. इथे त्या वाढलेल्या नाहीत. दाहाच्या हाकेला मज्जा ओ देत नाहीये, म्हणजे मज्जेतच काहीतरी बसलंय. १ लाख ८० हजार हा आकडा एकटा निर्दोष आहे, ईएसआर ८० च्या शेजारी तो निर्दोष नाही.

या शंकेला मोजमापाचा आधारही आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सांध्यांच्या तक्रारीनं बालसंधिवाततज्ज्ञांकडे आलेल्या २७७ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतली २०६ संधिवाताची निघाली होती आणि ७१ ल्युकेमियाची. दोघांना वेगळं काढायला तीन गोष्टी सर्वांत कामाच्या ठरल्या: पांढऱ्या पेशी ४,००० पेक्षा कमी, प्लेटलेट दीड ते अडीच लाखांच्या दरम्यान, आणि रात्रीचं दुखणं. तिन्ही एकत्र धरल्या तर संवेदनशीलता, म्हणजे ल्युकेमियाची मुलं पकडण्याची क्षमता, १०० टक्के आणि विशिष्टता ८५ टक्के आली. विशिष्टता ८५ म्हणजे संधिवाताच्या १०० मुलांपैकी सुमारे १५ जणांवर उगाच संशय जाईल. त्यांची मज्जा तपासावी लागली तरी ती किंमत मोठी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र आकडे जुळले नाहीत म्हणून ल्युकेमिया बाद, असा उलटा अर्थ काढू नये. हे गणित त्या ठरावीक मुलांवर बसवलेलं आहे, पुढच्या प्रत्येक मुलाला ते तसंच लागू पडेल याची हमी नाही. त्याच अभ्यासात पुरळ, एएनए आणि सांध्याची दिसणारी सूज या गोष्टी दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात होत्या. निदान करताना आपण ज्यांवर सर्वांत जास्त भिस्त ठेवतो, त्याच.

आणखी एक आकडा तिथूनच: ल्युकेमियाच्या तीन-चतुर्थांश मुलांच्या रक्तात त्या पहिल्या भेटीच्या वेळी ब्लास्ट, म्हणजे कर्करोगाच्या कोवळ्या पेशी, दिसल्याच नव्हत्या. त्या मज्जेत होत्या, रक्तात उतरल्या नव्हत्या. तरीही रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला थेंब, अनुभवी डोळ्यांनी पाहणं टाळू नये. यंत्र पेशी मोजतं, ओळखण्यात चुकतं; कोवळ्या पेशीला लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक नेहमीचा प्रकार, समजून मोजून टाकतं. सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोसाइटचं केंद्रक घट्ट, गडद, ढेकळासारखं दिसतं. ब्लास्टचं केंद्रक मोठं, जवळजवळ सगळी पेशी व्यापणारं, आतलं जाळं मऊ आणि बारीक, भोवती निळसर पातळ कड. पांढऱ्या पेशी कमी असतील तर काचेवर शंभर पेशीही नीट मिळत नाहीत; अशा वेळी नळी फिरवून पांढऱ्या पेशींचा थर वेगळा काढून त्याचा स्मिअर करायला सांगावं. आणि चिठ्ठीवर नुसतं 'सीबीसी' न लिहिता 'सांधेदुखी, ल्युकेमियाची शंका, स्मिअर पाहावा' असं लिहावं. तपासणाऱ्याला काय शोधायचं ते माहीत असलं की तो दोन मिनिटं जास्त बसतो.

पांढऱ्या पेशींची विभागणीही पाहावी. संधिवाताच्या दाहात, विशेषतः सिस्टेमिक प्रकारात, न्यूट्रोफिल या जातीच्या पांढऱ्या पेशी वाढतात. न्यूट्रोफिल उतरलेले आणि लिम्फोसाइट वरचढ असतील तर तो सूर फाटलेला आहे. एलडीएच (पेशींमधलं एक विकर) आणि युरिक ॲसिड रक्तात वाढणं म्हणजे पेशी मोठ्या संख्येनं बनताहेत आणि फुटताहेत. एलडीएच मर्यादेच्या दुपटीवर गेला तर मी थांबून विचार करायला सांगेन. पण मूल रडतंय, शीर सापडत नाही, नमुना ओढूनताणून घेतलाय, अशा रक्तात तांबड्या पेशी नळीतच फुटतात आणि एलडीएच खोटाच चढतो. पोटॅशियमही सोबत वाढलेलं दिसतं. तसं असेल तर नमुना पुन्हा घ्यावा. प्लेटलेटचंही असंच. नळीत त्यांच्या गुठळ्या झाल्या की यंत्र कमी मोजतं, आणि गुठळ्या स्मिअरवर दिसतात.

एका नॉर्मल सीबीसीवर समाधान मानू नये. दुखणं चालूच असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा करावी आणि दोन्ही कागद शेजारी ठेवावे. हिमोग्लोबिन ११.४ वरून १०.२, प्लेटलेट ३ लाख १० हजारांवरून २ लाख ३० हजार: प्रत्येक आकडा वेगळा पाहिला तर फारसा बोलत नाही, उतरता जिना मात्र दिसतो. म्हणून जुने अहवाल फेकू नयेत, हे आईवडिलांना आवर्जून सांगावं.

एक्स-रे स्वस्त आणि सोपा आहे, पण तो नॉर्मल असला तर काहीच सिद्ध होत नाही. ल्युकेमियात कधी हाडाच्या टोकाजवळ आडवा फिकट पट्टा दिसतो, कधी कुरतडल्यासारखे खड्डे, कधी आवरण उचललेलं. हा पट्टा इतर आजारांतही दिसतो. एमआरआयत मज्जेचा रंग बदललेला दिसला तर वजन जास्त, पण लहान मुलाला त्यासाठी भूल लागते. भुलीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट कधीही विसरू नये: ल्युकेमियाची शंका असेल तर भूल देण्याआधी छातीचा एक्स-रे. ल्युकेमियाच्या एका प्रकारात छातीच्या मध्यभागी गाठ वाढून श्वासनळीवर दाब येतो, आणि अशा मुलाला आडवं करून भूल दिली तर श्वास अडू शकतो.

शेवटचा शब्द मज्जेचा. कंबरेच्या हाडाच्या मागच्या कडेतून सुईनं थोडीशी मज्जा ओढतात, सोबत हाडाचा लहानसा तुकडाही घेतात. निरोगी मज्जेत ब्लास्ट ५ टक्क्यांच्या आत असतात. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, म्हणजे मुलांत सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, उपचारांच्या बहुतेक आराखड्यांनी २५ टक्क्यांची रेघ मानली आहे, प्रत्यक्षात ते प्रमाण बऱ्याचदा कितीतरी जास्त असतं. पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणा वाचणाऱ्या फ्लो सायटोमेट्री या तपासणीनं पेशींचा प्रकार ठरतो. मज्जा तपासायची म्हटलं की घरचे घाबरतात, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून डॉक्टरही ती पुढे ढकलतात. तपासणी अर्ध्या तासाची आहे, योग्य भूल दिली तर मुलाला कळतही नाही, दोन दिवस बसताना कंबर दुखते. हे असंच उघडपणे सांगावं.

या सगळ्याची घाई कशासाठी, तर स्टिरॉइडसाठी. संधिवाताच्या सुजेवर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड जादूसारखं चालतं, आणि तेच औषध लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशीही मारतं. ल्युकेमियाच्या मुलाला 'संधिवात' म्हणून ते सुरू केलं की चार दिवसांत ताप जातो, मूल चालू लागतं, घर आनंदतं, आणि निदान बरोबर होतं असं सगळ्यांना वाटतं. आजार मात्र अर्धवट मेलेला असतो. काही आठवड्यांनी तो परत येतो, आणि दरम्यान मज्जा तपासली असेल तर ती फसवी नॉर्मल किंवा नुसती रिकामी दिसते. ल्युकेमियाच्या उपचाराच्या एका मोठ्या पद्धतीत पहिले सात दिवस मुख्यतः प्रेडनिसोनच देतात आणि आठव्या दिवशी रक्तातले ब्लास्ट मोजतात. ते दर मायक्रोलिटरमागे १,००० च्या खाली आले तर प्रतिसाद चांगला, नाहीतर धोका जास्त आणि उपचार अधिक कडक. न मोजता, कमी मात्रेत, आधीच दिलेलं स्टिरॉइड ही मोजणीच बिघडवून टाकतं. कधी पेशी एकदम फुटून मूत्रपिंडांवर ताण येतो, तो धोका वेगळाच. सांध्यात टोचलेलं स्टिरॉइडही थोडंफार रक्तात जातं, म्हणून सुजलेल्या एका गुडघ्यात इंजेक्शन देण्याआधीही हाच विचार व्हावा. मेथोट्रेक्सेटचीही तीच गत: संधिवातात ते आठवड्यातून एकदा देतात आणि ल्युकेमियाच्या दीर्घ उपचारातही आठवड्यातून एकदाच.

निदान होईपर्यंत मुलाला दुखत ठेवायचं नाही. आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन वजनाच्या हिशेबानं देता येतं. मात्र प्लेटलेट कमी असतील किंवा अंगावर ठिपके असतील तर ही औषधं टाळून पॅरासिटामॉलवर भागवावं. या औषधांनी बरं वाटलं म्हणून ल्युकेमिया नाही, असं मात्र म्हणता येत नाही. हाडांचं दुखणंही त्यांनी काही काळ दबतं. सिस्टेमिक संधिवाताच्या संशयात स्टिरॉइड लागणारच असेल तर त्याआधी मज्जा पाहून घ्यावी. तिथे आणखी एक पेच आहे. या प्रकारात कधी कधी शरीराची संरक्षणयंत्रणा बेफाम होते, प्लेटलेट कोसळतात, फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन, दाहात वाढणारं) हजारोंत जातं आणि वाढलेला ईएसआर उलट खाली येतो. तेव्हा वेळ तासांत मोजावा लागतो, आणि मज्जेची सुई व स्टिरॉइड एकाच दिवशी होतात, पण क्रम तोच: आधी सुई.

मज्जा नॉर्मल आली आणि संधिवाताचे उपचार सुरू झाले तरी पहिले काही महिने डोळे उघडे ठेवावेत. अपेक्षेप्रमाणे सांधे सुटत नसतील, रात्रीचं रडणं चालूच असेल किंवा पेशी उतरू लागल्या, तर मज्जा दुसऱ्यांदा तपासायला संकोच नको. मेथोट्रेक्सेट चालू असताना पेशी कमी झाल्या तर दोष औषधावर टाकायचा मोह होतो. औषध थांबवून त्या पूर्ववत होतात का, हे पाहिल्याशिवाय तो दोष पक्का धरू नये.

आणि मूल दुसरीकडे पाठवताना चिठ्ठीत एक ओळ ठळक असावी. स्टिरॉइड दिलेलं नसेल तर 'स्टिरॉइड दिलेलं नाही'. दिलेलं असेल तर औषधाचं नाव, रोजची मात्रा मिलिग्रॅममध्ये, पहिल्या आणि शेवटच्या गोळीची तारीख. दम्यासाठी किंवा अंगावरच्या पुरळासाठी मधेच कोणी दिलेलं पातळ औषधही त्यात यावं, कारण घरच्यांच्या लेखी ते 'खोकल्याचं औषध' असतं आणि विचारल्याशिवाय त्याचं नाव निघत नाही. बाटली घेऊन यायला सांगावं.